नऊ आपले, दोन पाहुणे

2 मार्च 2025 रोजी नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर दर्शन नळकांडेचं अर्धशतक पुरं झालं आणि सामना तिथेच थांबवण्यात आला. केरळविरुद्धची ती अंतिम लढत अनिर्णित राहिली, पण पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी विदर्भाच्या खात्यात होती आणि तेवढ्यावर रणजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भात आला. त्या दिवशीच्या अकरा जणांची यादी वाचली तर नऊ नावं इथली आहेत : पार्थ रेखडे, दानिश मालेवार, यश राठोड, अक्षय वाडकर, अक्षय कर्णेवार, हर्ष दुबे, नचिकेत भुते, दर्शन नळकांडे, यश ठाकूर. उरलेली दोन बाहेरची. करुण नायर कर्नाटकातून आलेला, ध्रुव शोरी दिल्लीहून. यवतमाळात क्रिकेटवर बोलणं निघालं की या दोन नावांपाशी हमखास अडतं. ‘आपल्या पोट्ट्याइले बाहेर बसवता अन् भाड्याचे आणता,’ हा एक सूर. ‘करंडक आला ना, मंग कोणाच्या बॅटनं आला ते कायले पाहता,’ हा दुसरा. मला दोन्ही सूर अपुरे वाटतात. पाहुण्या खेळाडूंनी विदर्भाचं नुकसान केलं असं नोंदी सांगत नाहीत, उलट फायदाच दिसतो. म्हणून जिंकण्यापुढे सगळं माफ, असंही मात्र म्हणता येत नाही. बाहेरून आलेल्या दोघांची झडती घेताना आपण त्याच यादीतल्या नऊ जणांकडे नीट पाहतच नाही, आणि खरा प्रश्न तिथे दडलेला आहे.

पाहुणे का आणावे लागले, हे आधी पाहू. महाराष्ट्र एक राज्य असलं तरी क्रिकेटमध्ये त्याचे तीन वाटे आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. यवतमाळचा मुलगा रणजी खेळणार तर विदर्भाकडूनच. विदर्भ 1957-58 पासून या स्पर्धेत आहे, पण पहिली जवळपास साठ वर्षं ही हजेरी बहुतेक उपस्थितीपुरतीच होती. कित्येक हंगाम तर दुय्यम समजल्या जाणाऱ्या प्लेट गटात गेले. त्या काळात वाहतूक उलट दिशेने चाले. नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य बंगालकडून खेळला. पुढे ज्याच्या हाती पहिला करंडक आला, तो फैज फझलसुद्धा मधले काही हंगाम रेल्वेच्या संघात होता. दुसऱ्यांचे पाहुणे होणं विदर्भाच्या खेळाडूंना नवं नव्हतं, फक्त विदर्भाकडे फारसं कोणी येत नव्हतं. 2008 मध्ये वर्धा रोडवर जामठ्याचं नवं स्टेडियम उभं राहिलं, त्याच सुमारास नागपुरात मुलांना ठेवून घेऊन शिकवणारी अकादमी सुरू झाली, आणि 2014-15 पासून नामवंत पाहुणे जास्त दिसू लागले. तमिळनाडूचा बद्रीनाथ दोन हंगाम खेळून हैदराबादला गेला. कर्नाटकचा गणेश सतीश आला तो अनेक हंगाम इथेच राहिला. 2015-16 मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे एका संघाला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात. म्हणजे उरलेल्या आठ जागा घरच्याच माणसांनी भरायच्या असतात. कितीही पैसा असला तरी अख्खा संघ विकत घेता येत नाही, ही गोष्ट वादात कोणी लक्षात ठेवत नाही.

आता पहिला करंडक कोणी जिंकून दिला ते पाहू. 2017-18 चा उपांत्य सामना कोलकात्यात कर्नाटकशी झाला. विदर्भाने तो अवघ्या पाच धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने 68 धावांत सात बळी घेतले. सामन्यात त्याचे बारा. मग इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. तिथे गुरबानीने हॅट्ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकदाच, 1972-73 मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमला ती जमली होती. अक्षय वाडकर यष्टिरक्षक म्हणून खेळत होता, त्याने 133 धावा केल्या आणि विदर्भाचा डाव 547 पर्यंत गेला. दुसऱ्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रविरुद्ध अंतिम सामना होता, आणि त्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने दोन्ही डावांत बाद केलं, एकदा एका धावेवर आणि एकदा शून्यावर. गुरबानी, वाडकर, सरवटे, तिघेही इथलेच. मग जाफरने काय केलं? 2018-19 च्या हंगामात हजारावर धावा केल्या, 2018 च्या इराणी करंडकात 286 धावांची खेळी केली, हे आकडे तर आहेतच. पण त्याहून मोठं काम आकड्यांत मावत नाही. ज्या संघाने साठ वर्षांत अंतिम सामना पाहिला नव्हता, त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये मुंबईकडून अनेक करंडक जिंकलेला माणूस बसलेला होता. शेजारी प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित होते, तेही मुंबईचे. जिंकायची सवय पुस्तकातून शिकता येत नाही. ती असलेल्या माणसाबरोबर रोज नेटमध्ये उभं राहावं लागतं.

भाडोत्री या शब्दाने ज्यांना हिणवलं जातं, त्यांत जाफरचं नाव सगळ्यांत आधी यायला हवं होतं, आणि तोच या आरोपाला सगळ्यांत मोठं उत्तर आहे. 2016-17 चा हंगाम दुखापतीमुळे त्याला खेळता आला नाही, पण विदर्भ क्रिकेट संघटनेने मानधन दिलं होतं. पुढच्या वर्षी तो एक पैसाही न घेता खेळला, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. तेच पहिल्या करंडकाचं वर्ष. पुढे रणजीतला दीडशेवा सामना तो विदर्भाकडूनच खेळला, बारा हजार रणजी धावांचा टप्पा विदर्भाच्या टोपीतच ओलांडला, आणि 2020 मध्ये निवृत्तही इथूनच झाला. प्रत्येक पाहुणा जाफर नसतो, हे कबूल. बद्रीनाथ दोन वर्षांत गेला. म्हणूनच पाहुणे हवेत की नकोत असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक नावामागे तीन गोष्टी तपासाव्यात. संघात खरोखर जी जागा रिकामी आहे, तिथे तो येतोय का? एखाद्या हंगामापेक्षा जास्त टिकतोय का? आणि त्याच्या बाजूला इथला कोणी मोठा होतोय का? या तिन्हींत तिसरी कसोटी सगळ्यांत कडक, आणि 2025 च्या अंतिम सामन्यात ती उघड्या मैदानावर लागली.

त्या सामन्यात विदर्भाची अवस्था तीन बाद 24 होती. खेळपट्टीवर दानिश मालेवार उभा होता, वय एकवीस, रणजीतला पहिलाच हंगाम. त्याच्या जोडीला करुण नायर आला. वय तेहतीस, नावावर इंग्लंडविरुद्धचं त्रिशतक, आणि तरीही भारतीय संघातून बाहेर पडलेला. कर्नाटकच्या संघातही जागा उरली नव्हती, तेव्हा क्रिकेटने आणखी एक संधी द्यावी, असं त्याने 2022 च्या अखेरीस समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिलं होतं. ती संधी विदर्भाने दिली. या दोघांनी 215 धावांची भागीदारी केली. मालेवार 153 पर्यंत गेला. करुण 86 वर धावबाद झाला. एवढी मोठी भागी अशी तुटली की बाद झालेल्याच्या मनात काय येत असेल, ते क्रिकेट पाहणाऱ्याला सांगायला नको. दुसऱ्या डावात करुणने ते सगळं धुऊन काढलं. 135 धावा केल्या, आणि शतकानंतर ड्रेसिंग रूमकडे नऊ बोटं दाखवली : हंगामातलं नववं शतक. सामनावीर मात्र मालेवार ठरला. त्याच हंगामात सगळ्यांत जास्त धावा काढणारा फलंदाज यश राठोड होता, 960 धावा. सगळ्यांत जास्त बळी हर्ष दुबेचे, 69, आणि हा रणजीच्या एका हंगामातला विक्रम. करुणच्या 863 धावा या दोघांच्या शेजारी बसतात, त्यांच्या वर नाही. प्रशिक्षक उस्मान गनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. पंडितांच्या काळात प्रशिक्षकही बाहेरून आणावा लागला होता, सात वर्षांनी ती गरज राहिली नव्हती. पाहुण्याने घर बळकावलं असतं तर चित्र असं दिसलं नसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो जागेचा, आणि तो हलका नाही. जितेश शर्मा अमरावतीचा. आयपीएलमध्ये गाजलेला, भारताकडून टी-ट्वेंटी खेळलेला, 2025 मध्ये विजेत्या बेंगळुरू संघाचा महत्त्वाचा खेळाडू. लखनौविरुद्ध 33 चेंडूंत नाबाद 85 धावांची त्याची खेळी कोण विसरेल? पण 2024-25 च्या रणजी हंगामात विदर्भाकडून त्याला एकही सामना मिळाला नाही, आणि पुढच्या हंगामासाठी तो बडोद्याला गेला. आदित्य सरवटे केरळला गेला. गुरबानीने महाराष्ट्राचा संघ गाठला. ‘बघा, आपले चालले,’ असं म्हणायला ही तीन नावं पुरतात. पण जितेशची जागा पाहुण्याने घेतली नाही, ती विदर्भाच्या कर्णधाराने घेतली. वाडकर यष्टिरक्षकही आहे आणि कर्णधारही, आणि एका सामन्यात यष्टिरक्षक एकच लागतो. सरवटेच्या हाताशी डावखुरी फिरकी होती, तर इथे हर्ष दुबे आणि पार्थ रेखडे तीच फिरकी टाकत वर आले. ज्या रेखडेने मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला एकाच षटकात परत पाठवलं, त्याला बसवून ठेवायचं कसं? जितेश, सरवटे, गुरबानी गेले ते इथे गुणी मुलं जास्त झाली म्हणून. साठ वर्षं ज्या संघाला अकरा माणसं जमवताना दम लागायचा, त्याला आता कोणाला वगळावं याची चिंता पडते, हे दुखणं असलं तरी वाढीचं आहे. तीन जणांत जितेशची सल मोठी, हे मी मान्य करतो. पण त्या सलीचा हिशेब पाहुण्यांच्या नावे मांडता येत नाही.

सरवटेची गोष्ट तर या सगळ्या वादाला आरसा दाखवते. त्या हंगामात केरळ आपल्या इतिहासात पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत पोचला. गुजरातच्या 455 धावांविरुद्ध केरळची आघाडी फक्त दोन धावांची. शेवटचा फलंदाज नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला. गोलंदाज कोण? आदित्य सरवटे. म्हणजे केरळला नागपूरपर्यंत आणणारा शेवटचा चेंडू नागपूरच्याच मुलाने टाकलेला. अंतिम सामन्यात त्याने विदर्भाविरुद्ध 79 धावा करून आघाडी जवळपास हिसकावली होती. त्या सामन्यात विदर्भाकडे दोन पाहुणे होते तसे केरळकडेही दोन, सरवटे आणि इंदूरचा जलज सक्सेना. 2017-18 च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध 145 धावा करणारा ध्रुव शोरी आता विदर्भाचा सलामीवीर होता. देशभर हीच ये-जा सुरू आहे. पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला, अर्जुन तेंडुलकर गोव्याकडून खेळतो, जलज सक्सेनाही पुढे महाराष्ट्रात दाखल झाला. बाहेरचा म्हणून करुणला हिणवायचं आणि सरवटेने केरळात नाव काढलं म्हणून छाती फुगवायची, हे एकाच तोंडाने करता येत नाही. क्रिकेट हा आता खेळाडूंचा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि पोटासाठी गाव सोडणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार निदान यवतमाळकरांना तरी नाही. आपल्या जिल्ह्यातली किती घरं पुण्या-मुंबईच्या पगारावर उभी आहेत, ते मोजायला बसू नये.

दुसरा आक्षेप निष्ठेचा. करुण दोन हंगाम खेळला, भारतीय संघात परत गेला आणि 2025-26 साठी पुन्हा कर्नाटकात निघून गेला. ‘आपली शिडी केली,’ असं म्हणणाऱ्यांचा राग खोटा नाही. पण शिडीला काय मिळालं, तेही पाहायला हवं. करुण गेल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर 2025 मध्ये, विदर्भाने जामठ्यावर शेष भारत संघाला 93 धावांनी हरवून इराणी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. पहिल्या डावात 143 धावा करणारा अथर्व तायडे अकोल्याचा. एखादा माणूस निघून गेल्यावर जो संघ कोसळतो, तो त्याच्यावर लटकलेला असतो. विदर्भ कोसळला नाही, याचा अर्थ करुण इथे असताना बाकीचे नुसते बघत बसले नव्हते. निष्ठेची अपेक्षा ठेवायचीच तर ती संघटनेकडून ठेवावी. खेळाडूचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं असतं, संघटना शंभरीकडे चालली आहे.

मग फक्त आपल्याच मातीतले खेळाडू घेऊन खेळायचं, हा मार्ग कोणी करून पाहिला नाही का? पाहिला आहे, आणि त्याचे दोन टोकांचे निकाल उपलब्ध आहेत. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्याने पिढ्यान्‌पिढ्या फक्त यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच घेण्याचा हट्ट धरला. इंग्लिश क्रिकेटमधला तो सगळ्यांत यशस्वी परगणा, पण 1968 नंतर अजिंक्यपद मिळेना. शेवटी 1992 मध्ये दार उघडलं आणि आत आलेला पहिला परदेशी पाहुणा होता एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. वांद्र्याचा मुलगा यॉर्कशायरने आपला मानला, तेव्हा मराठी घरांत त्याला कोणी भाडोत्री म्हटलं नव्हतं. तरी परगण्याला पुढचं अजिंक्यपद मिळायला 2001 साल उजाडावं लागलं. नुसता पाहुणा आणला की काम भागतं असंही नाही, हे त्यातून दिसतं. दुसरं टोक फुटबॉलमधलं. स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब आजही बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घेतो. तो स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही, आणि 2024 मध्ये त्याने राजाचा चषकही जिंकला. शुद्धतेचे पुरस्कर्ते बिल्बाओकडे बोट दाखवतील, आणि दाखवावंच. पण त्याबरोबर क्लबची लेझामाची अकादमीही दाखवावी, आणि बास्क प्रदेशातल्या गावोगावच्या लहान क्लबांशी बिल्बाओने केलेले करारही. पाहुण्यांना दार बंद करणं त्या क्लबला परवडतं, कारण घरातल्या प्रत्येक खोलीत दिवा आहे.

विदर्भाच्या घरात तसं आहे का? इथे यवतमाळच्या चाहत्याचा खरा मुद्दा सुरू होतो. विदर्भाचे जिल्हे अकरा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. उमरखेडच्या मुलासाठी तेच अंतर अडीचशेच्या पुढे जातं, त्याला नांदेड कितीतरी जवळ. नागपूरच्या वस्तीत राहणारा मुलगा सायकलवर नेटला जातो. पुसद किंवा वणीच्या मुलाला आधी घर सोडावं लागतं, खोली शोधावी लागते, आई-बापाला समजवावं लागतं, आणि हे सगळं तो किती चांगला आहे ते कळण्याआधी. त्याच्यासाठी करुण नायर आणि नागपूरचा मुलगा यांच्यातलं अंतर फारसं नसतं, दोघेही त्याच्या पुढेच उभे. तालुक्याच्या गावांत क्रिकेट भरपूर चालतं, पण बहुतेक टेनिस बॉलवर. रात्रीच्या उजेडात, आडव्या बॅटने, षटकार मोजत. त्यातून आलेला मुलगा लेदर बॉल हातात घेतो तेव्हा बरंच वय निघून गेलेलं असतं. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव याच वाटेने आला. नागपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या वस्तीतला मुलगा, टेनिस बॉलवर वेग कमावलेला, लेदर बॉल उशिरा हाती आलेला. 2011 मध्ये तो कसोटी खेळला, ही त्याची जिद्द. पण एक उमेश सापडला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. जे सापडले नाहीत त्यांची यादी कुठेच छापून येत नाही.

या जिल्ह्याचं उत्तर म्हणून आपण अक्षय कर्णेवारचं नाव घेतो, आणि घ्यायलाच हवं. यवतमाळ जिल्ह्यातला हा खेळाडू डाव्या हाताने फलंदाजी करतो आणि दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. गोलंदाज हात बदलणार असेल तर त्याने आधी पंचांना सांगायचं, पंचांनी फलंदाजाला, असा नियम आहे. म्हणजे कर्णेवारच्या एका षटकात पंचांना दोन-तीनदा तोंड उघडावं लागू शकतं, साइटस्क्रीन सरकू शकतो आणि क्षेत्ररक्षक इकडून तिकडे धावू शकतात. 2017 मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने हे करून दाखवलं. 2019 च्या इराणी करंडकात खालच्या क्रमांकावर येऊन शतक ठोकलं. नोव्हेंबर 2021 मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरं, पण पुरुषांच्या टी-ट्वेंटीत तोपर्यंत कोणत्याही संघाविरुद्ध कोणालाही हे जमलं नव्हतं. 2025 च्या अंतिम अकरांत तो होता. यवतमाळने हॉकीतही आकाश चिकटेसारखा भारताचा गोलरक्षक दिला आहे, तेव्हा इथे गुण नाहीत असं कोणी म्हणणार नाही. प्रश्न असा की कर्णेवारनंतर कोण? वर्धेचा नळकांडे, अमरावतीचा जितेश, अकोल्याचा तायडे, यवतमाळचा कर्णेवार, अशी जिल्ह्यांची नावं आपल्याला बोटांवर मोजता येतात, हीच अडचण आहे. नागपूरच्या खेळाडूंची कोणी अशी मोजदाद करत नाही.

2025 मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने स्वतःची प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू केली. चांगलं पाऊल. नव्या मुलांना टीव्हीच्या उजेडात खेळायला मिळालं. पण संघांची नावं पाहा. नागपूर दोनदा येतं. यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर एकदाही नाही. शेजारच्या महाराष्ट्र संघटनेच्या लीगमध्ये रत्नागिरी आहे, कोल्हापूर आहे, सोलापूर आहे, नाशिक आहे. नावाने काय होतं, असं विचारता येईल. नावाने इतकंच होतं की सोलापूरचा मुलगा टीव्हीवर सोलापूरची जर्सी बघतो, तिथल्या एखाद्या कारखानदाराला गावातल्या मैदानावर पैसा लावावासा वाटतो, आणि निवड समितीच्या कागदावर त्या शहरासाठी एक रकाना तयार होतो. ज्याच्या नावाचा संघच नाही, त्याचा रकाना कोण भरणार?

कोणी म्हणेल, हे नागपूरद्वेषाचं रडगाणं आहे, आणि जिल्ह्यांना कोटा मागण्याचा आडमार्ग. कोटा मला नको. अकरा जिल्ह्यांतून एकेक मुलगा उचलून संघ बांधला तर तो संघ साठ वर्षं मागे जाईल, आणि यवतमाळचा मुलगा अशा दयेच्या जागेवर बसलेला बघणं ही शोभेची गोष्ट नाही. नागपूरने विदर्भाच्या क्रिकेटसाठी जे केलं, त्याचं श्रेय नागपूरला आहेच. स्टेडियम तिथे, पैसा तिथे, प्रशिक्षक तिथे, म्हणून खेळाडूही तिथलेच, हे गणित समजतं. पण एकदा यश मिळालं की गणित बदलायला हवं. 2014 मध्ये संघटनेपुढे प्रश्न होता की अंतिम सामना कसा गाठायचा, आणि त्याचं उत्तर म्हणून जाफर आणि पंडित आणणं योग्य होतं. आज प्रश्न असा की नऊ घरच्या जागांसाठीचा शोध जामठ्याच्या दक्षिणेला किती लांबपर्यंत जातो. त्याची उत्तरं नाट्यमय नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी एक खरी टर्फ विकेट आणि ती राखणारा पगारी माणूस. लेदर बॉलचे सामने चौदा वर्षांखालच्या वयापासून, हंगामभर, नुसत्या निवड चाचणीपुरते नाहीत. वर्षातून काही दिवस यवतमाळ, पुसद, वणीला येऊन बसणारे निवडकर्ते. आणि नेटला येणाऱ्या मुलाच्या बसभाड्याची आणि जेवणाची सोय.

शेवटी पाहुण्यांकडे परत येऊ, कारण वाद तिथूनच निघतो. माझ्या मते विदर्भाने पाहुणे आणत राहावं, तीनच्या मर्यादेत आणि तीन कसोट्या लावून. पण त्यांच्यावर होणारा खर्च संघटनेच्या हिशेबात एकटा दिसू नये. जेवढा पैसा एका बाहेरच्या खेळाडूच्या करारावर जातो, तेवढाच त्याच वर्षी नागपूरबाहेरच्या एखाद्या जिल्ह्याच्या मैदानावर जावा, आणि वार्षिक सभेत दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचून दाखवले जावेत. तसं झालं तर यवतमाळचा चाहता पुढचा करुण नायर आल्यावर कपाळाला आठ्या घालणार नाही, उलट त्याच्या प्रत्येक शतकामागे आपल्या जिल्ह्यात एक विकेट तयार होते आहे, हे त्याला ठाऊक असेल. तोवर मात्र ‘पाहुणे का आणता’ या प्रश्नाने संघटनेला बरंच वाटत राहील, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे तीन करंडकांच्या रूपाने तयार आहे. ज्याचं उत्तर तयार नाही, तो प्रश्न आपण विचारायला हवा, आणि तो दरवर्षी संघ जाहीर होण्याच्या दिवशी विचारायला हवा : या नऊ जणांत नागपूरबाहेरचे किती, आणि गेल्या वर्षीपेक्षा एक तरी वाढला का?